आधी टीव्हीवर दिसतं

१

माझ्या लॅपटॉपचा पडदा फुटला तो बेल वाजल्यामुळे. बेल नेहमीसारखीच वाजली होती, दचकले मी. लॅपटॉप मांडीवरून घसरला, कोपऱ्यावर आपटला आणि डाव्या बाजूनं शाई सांडावी तसा काळा डाग आत पसरला. दारात पाण्याचं मीटर बघणारा माणूस. "मीटर कुठंय तुमचं?" त्यानं विचारलं. मी जवळजवळ रडत म्हणाले, "मला माहीत नाही. हे ताईचं घर आहे."

हे वाक्य मी फार वेळा म्हणायचे. घर ताईचं, टीव्ही ताईचा, मी झोपायचे ती खोलीही खरं तर येणाऱ्या बाळाची. ताईला दिवस गेले होते. आधी दोनदा नीट झालं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी जिना बंद केला होता आणि शक्य तितकं पडून राहायला सांगितलं होतं. "बाळ होईपर्यंत मी आहे तुझ्याजवळ," असं मी आपणहून म्हणाले होते. भावजी लिफ्ट दुरुस्त करतात, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. आमच्या इमारतीला मात्र लिफ्ट नाही. "सगळ्या गावाला वर पोचवतो आणि स्वतः जिन्यानं घरी येतो," हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि ताई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसे.

लॅपटॉप दुरुस्तीला टाकला असता तर काम बंद पडलं असतं. तोडगा भावजींनीच काढला. "टीव्हीवर टाक की गं. वायरसुद्धा लागत नाही." त्यांनी लॅपटॉपच्या उरलेल्या अर्ध्या पडद्यावर कुठंकुठं टिचक्या मारल्या, टीव्हीनं थोडा विचार केला आणि माझा सगळा पसारा, फायली, उघडी राहिलेली पानं, दिवाणखान्याच्या भिंतीवर येऊन उभा राहिला. आपले आतले कपडे गॅलरीत वाळत घातलेले शेजाऱ्यांनी बघावेत तसं झालं मला.

काम म्हणजे फोटो पुसायचं. घरांचा एक दलाल मला विकाऊ घरांचे फोटो पाठवायचा. घरात माणसं राहत असायची. दोरीवरचे टॉवेल, भिंतीतली ओल, उशाशी ठेवलेल्या औषधाच्या बाटल्या, आरशात चुकून आलेलं कुणाचं तरी कोपर, हे सगळं मी पुसून टाकायचे. इथं कधी कुणी राहिलंच नाही असं घर दिसलं पाहिजे. त्याचा प्रत्येक मेसेज 'एकदम चकाचक करा' असा संपायचा, म्हणून ताईनं त्याचं नाव चकाचक ठेवलं होतं. ती सोफ्यावर कुशीवर पडून टीव्हीवर माझं काम बघायची. "तो डबा राहिला बघ खिडकीत. नाहीतर चकाचक ओरडेल."

टीव्ही किंचित मागं असायचा. मी इथं बाण हलवला की तिथला बाण पापणी लवायच्या अवकाशानं हलायचा. आज्ञाधारक, पण जरा मंद. मला त्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर आवडायचंही. घरात माझ्यापेक्षा हळू असं कुणीतरी होतं.

२

एका सकाळी तो मागं पडेनासा झाला.

मला बरं वाटलं. भावजींनी वायफायचा डबा हलवला असेल, असं धरून चालले. हात हलवायचा, बाण हलायचा. काम पटपट व्हायला लागलं. दुपारपर्यंत मात्र डोकं दुखायला लागलं, आणि कारण लक्षात यायला वेळ लागला. माझा हात बाणाच्या मागून चालला होता.

चकाचकचा मेसेज आला, उद्यापर्यंत अजून एक घर होईल का. मी 'ठ' लिहिलं आणि वर बघितलं. टीव्हीवर 'ठीक आहे, करते' असं पूर्ण लिहिलेलं होतं.

आपण काय लिहिणार हे हल्ली यंत्रं ओळखतात, ते मलाही माहीत आहे. मी कॉलेजात शिकलेली आहे, भुताखेतांत वाढलेली नाही. मी ते वाक्य खोटं पाडायचं ठरवलं. 'ठीक आहे' ऐवजी 'नाही जमणार' लिहिते, बघू काय होतं. 'ना' लिहिलं. मग वाटलं, कशाला उगीच, हातातलं काम जाईल. खोडलं. 'ठीक आहे, करते' लिहिलं आणि पाठवलं.

टीव्हीवर तोवर पुढचा फोटो उघडलेला होता.

३

दुरुस्तीवाल्याला फोन केला. मागं कुठल्यातरी गाण्याचा आवाज आणि स्क्रू पडल्याचा.

"मॅडम, टीव्ही मागं पडतो अशी तक्रार रोज येते," तो म्हणाला. "पुढं पळतो अशी पहिलीच. मग छान आहे की. तुम्ही बसून राहा, तो काम करेल."

"थट्टा नाही हो करत मी."

"मी पण नाही. लॅपटॉप आणून द्या, पडदा बदलतो. तुम्ही आणतच नाही."

ताई सोफ्यावरून ऐकत होती. "दचके, कुणाला गं छळतेस?" दचकी हे माझं तिनं लहानपणी ठेवलेलं नाव. मी म्हटलं, काही नाही, टीव्ही. ती म्हणाली, "बिचारा. त्याला पण घाबरवलंस का?"

चकाचकच्या नव्या घरातल्या झोपायच्या खोलीचा फोटो समोर होता. पलंग, कपाट, बंद खिडकी. मी भिंतीवरची ओल पुसणार होते. टीव्हीवरचा बाण मात्र पलंगाखाली गेला आणि तिथं काहीतरी पुसायला लागला. हळूहळू, कडेकडेनं, मी पुसते तसंच. मी लॅपटॉपवर तोच भाग मोठा करून बघितला. पलंगाखालच्या अंधारात, आतल्या बाजूला, एका बाईच्या सपाता होत्या. मला त्या दिसल्याही नसत्या.

टीव्हीवर तिथं आता नुसती फरशी होती. मी माझ्याकडच्या सपाता पुसायला घेतल्या. दुसरं काय करणार?

४

आता जे सांगायचं आहे ते लिहिताना कान गरम होतात.

मी नोकरी शोधत होते. दुसऱ्या शहरात, मोठ्या ऑफिसात, जिथं स्वतःची खुर्ची असते. ताईला सांगितलं नव्हतं. तिच्या गोळ्या आणायला जाते असं सांगून मी खाली उतरले होते आणि पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभी राहून फोनवर मुलाखत दिली होती. गोळ्या घरात होत्याच. येताना अजून एक पाकीट आणलं, खोटं खरं दिसावं म्हणून. "इतक्या कशाला आणल्यास?" ताई म्हणाली होती, आणि मग माझा उतरलेला चेहरा बघून, "असू दे, लागतीलच."

त्या दिवशी सकाळी त्या ऑफिसचा मेल आला. मी तो उघडला नाही. न उघडताच कळलं होतं. मी विचार करत होते, ताईचं सगळं पार पडेपर्यंत ते थांबतील का, आणि नाहीच थांबले तर. हात मांडीवर होते. हे मला पक्कं आठवतं, दोन्ही हात मांडीवर होते.

टीव्हीवर अक्षरं उमटायला लागली.

'नमस्कार. आपला प्रस्ताव मला मान्य आहे. पुढच्या महिन्यापासून मी रुजू होऊ शकते. घरची कोणतीही अडचण नाही.'

मी रिमोट शोधायला लागले. रिमोट सोफ्यात, उशीखाली, ताईच्या पाठीमागं. ताई उठून बसली होती. तिचा चष्मा डोळ्यांवर होता.

"मी लिहिलेलं नाही ते," मी म्हणाले.

ते खरं होतं. आयुष्यात खरं बोलताना मला इतकं खोटं कधी वाटलं नव्हतं.

ताईनं अजून एकदा वाचलं. तिचे ओठ हलताना दिसले. मग तिनं पाठीमागून रिमोट काढून माझ्या हातात दिला. "छान लिहितेस गं," ती म्हणाली. "अगदी ऑफिसातल्यासारखं. घरची अडचण म्हणजे मी का?"

"ताई, अगं—"

"चिडवतेय. पाणी दे जरा."

मी पाणी आणलं. ती प्याली. पेला परत देताना माझी बोटं तिनं क्षणभर धरून ठेवली आणि सोडली. संध्याकाळी भावजी आले, जेवणं झाली, ती त्यांना काही बोलली नाही. मी वाट बघत राहिले. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं.

५

त्यानंतर मी काम बाळाच्या खोलीत करायला लागले, लॅपटॉपच्या फुटक्या अर्ध्या पडद्यावर. फोटो डावीकडून उजवीकडं सरकवून तुकड्यातुकड्यानं पुसायचे. टीव्ही बंद.

अंघोळीहून आले तर तो चालू होता.

ताई समोर बसली होती. पडून नव्हे, ताठ बसून, शाळेत बसावं तशी. पडद्यावर कोरं पान, खाली अक्षरं. मी दिसताच तिनं बंद केला.

"तू लावलास?"

"लागलेलाच होता."

लॅपटॉप आत माझ्या पलंगावर होता, मिटलेला. मी जाऊन हात लावून बघितला. गार होता. मी स्वतःला समजावलं की जुनं काहीतरी टीव्हीच्या पोटात अडकलं असेल. लॅपटॉपमधला तो जोडणीचा पर्याय मी बंद केला. मग भीती वाटली म्हणून चार्जरसुद्धा काढून ठेवला, जणू त्याचा काही संबंध होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहिले आणि मधेच दिवाणखान्यात डोकावले. ताईच्या चष्म्याच्या काचांत दोन छोटे पांढरे चौकोन होते. त्यांत ओळी वर सरकत होत्या. ती मधूनमधून मान हलवत होती, समोरचं माणूस बोलतं आहे आणि आपण ऐकतो आहोत अशी. एकदा हसलीसुद्धा.

मी काय काय लिहिलं असेल? मैत्रिणीला? ताईबद्दल? तिच्या घोरण्याबद्दल मी एकदा लिहिलं होतं. तिचं सगळं आयुष्य त्या पोटाभोवती फिरतं, असंही. तेवढंच मनात असतं तर मी एवढी घाबरले नसते. अजून न लिहिलेलं कितीतरी होतं.

त्या दुपारी ताईनं मला हाक मारून जवळ बसवलं आणि माझ्या ओल्या केसांतून बोटं फिरवली.

"तुझी चूक नाही हं," ती म्हणाली.

"कशात?"

"असंच. सांगून ठेवलं."

६

ती माझ्याशी फार चांगली वागायला लागली. तेच सोसवत नव्हतं. आधी ती टोमणे मारायची, पोळपाट असा धुतात का, दार आपटू नकोस, चहा आहे की औषध. आता मी काहीही केलं तरी गोड हसायची. आजारी माणसाशी वागतात ना, तसं. किंवा ज्याच्या घरात नुकतंच काही घडून गेलं आहे, त्याच्याशी.

एका संध्याकाळी तिनं भावजींना कपडे धुवायच्या मशीनसमोर उभं केलं.

"हे बटण रोजच्या कपड्यांना. हे लोकरीच्या. पावडर इथं, जास्त टाकायची नाही."

"मी लिफ्टची मोटर उघडून जोडतो, बाईसाहेब. मला मशीन शिकवता?"

"मग लाव बघू."

त्यांना लागेना. आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. मग तिनं त्यांना विम्याचे कागद कुठं आहेत ते दाखवलं, पाहुण्यांच्या चादरी कुठं, तिच्या आईकडच्या, म्हणजे आमच्या आईच्या, बांगड्या कुठं.

"हे काय चाललंय?" भावजी मला म्हणाले. "मला घरजावई म्हणून कुठं पाठवतेय की काय ही?"

मी त्यांच्याकडं बघून हसले. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? टीव्हीचं सांगायचं तर त्या मेलचं सांगावं लागणार. मग पार्किंगचं, गोळ्यांचं. त्यांचा हात ताईच्या पाठीवर होता. मी आत जाऊन चादरी नीट केल्या. त्या नीटच होत्या.

७

डॉक्टरांकडं आधीच ठरलेली तपासणी होती. भावजींनी ताईला जिन्यावरून एकेक पायरी जपून उतरवलं, मी मागून तिची पिशवी घेऊन. मी डॉक्टरबाईंना इतक्या शंका विचारल्या की त्या म्हणाल्या, "पेशंट कोण आहे नक्की?" सगळं उत्तम होतं. बाळाचे ठोके ऐकवले त्यांनी आम्हाला. भावजींचे डोळे भरून आले. ताई माझ्याकडं बघत होती.

परत आल्यावर मी गॅलरीतले कपडे काढायला गेले. हातात ढीग घेऊन वळले तेव्हा काचेच्या दारातून टीव्ही सरळ समोर होता, आणि ताईचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

मी सगळं वाचलं नाही. वरच्या ओळी निघून गेल्या होत्या. खाली जी ओळ उमटत होती ती अशी:

'भावजी, डॉक्टर सगळं उत्तम म्हणाल्या होत्या, तुम्हीही होतात. मी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले होते. मी परत आले तेव्हा ती'

इथं कर्सर थांबला होता. लुकलुकत होता. मी अडले की तशीच थांबते, बोटं वर धरून. मला माझं ते थांबणं ओळखू आलं.

माझ्या हातून कपडे पडले. ताईनं टीव्ही बंद केला आणि रिमोट मांडीखाली घेतला.

"बघू दे मला."

"नको."

"ताई, मी लिहिलंय ते! माझं आहे!"

"तुझंच आहे," ती शांतपणे म्हणाली. "तुला तेव्हा लिहायचंच आहे. दोनदा कशाला?"

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, मी दुकानात जाणार नाही. कुठंच जाणार नाही, खाली कचरासुद्धा ठेवायला जाणार नाही. "बरं," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं बरं.

८

मी कुठंच गेले नाही. दूध, भाजी, सगळं घरपोच मागवायला लागले. भावजी म्हणाले, "दोघींनाही डॉक्टरांनी जिना बंद केलाय का?" मी ताईच्या मागं मागं फिरायचे. ती बाथरूमला गेली की दाराबाहेर उभी. "अगं, आत तरी एकटीला जाऊ दे," ती आतून म्हणायची.

आणि मग मी ठरवलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून स्वच्छ ऊन फरशीवर आलेलं. ताई सोफ्यावर होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर आणला, टेबलावर ठेवला, स्वतःच्या हातानं टीव्हीला जोडला. तिला दिसलं पाहिजे. मी त्या ऑफिसचा मेल उघडला. ते अजून माझ्या उत्तराची वाट बघत होते. म्हणजे ते 'मान्य आहे' मी खरोखर पाठवलेलं नव्हतं. म्हणजे टीव्ही चुकू शकत होता. इतके दिवस मला हे साधं सुचलं कसं नाही?

मी लिहिलं, 'क्षमा करा. मी येऊ शकत नाही. माझ्या बहिणीला माझी गरज आहे.'

लिहिताना वर बघत होते. टीव्हीवर काही उमटलं नाही. आधीही नाही आणि नंतरही नाही. लॅपटॉपच्या उजळ अर्ध्या भागात माझी वाक्यं होती, टीव्हीवर कोरं पान. मी पाठवलं. 'पाठवलं' असं इथं आलं. तिथं कोरं.

"बघ," मी म्हणाले. "बघ ताई, याच्याकडं हे नाहीये. हे त्याला माहीतच नाही. म्हणजे तेही—"

ताईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"होतं ना," ती म्हणाली. "खूप आधी येऊन गेलं. नोकरी नको म्हणून कळवलंस, घराबाहेर पडायचं बंद केलंस, सगळं तू भावजींना लिहिलं होतंस. अगदी तारखेसकट. तू प्रयत्न केलास गं. मला माहितीये."

ऊन टीव्हीच्या काचेवर पडलं होतं, त्यामुळं पान आणखीच पांढरं दिसत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, ती तशी पिकपिक वाजत होती.

"मग पुढं?" मी शेवटी विचारलं. "पुढं काय लिहिलंय मी?"

ताईनं चष्मा काढला, साडीच्या पदरानं पुसला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला वाटतं ती थोडी लाजली होती.

"पुढं माझ्याबद्दल लिहिलंयस," ती म्हणाली. "पुष्कळ. मी तुला शाळेत सोडायची तेव्हापासूनचं. इतकं चांगलं तू मला कधी बोलली नव्हतीस. मला कुठं माहीत होतं, तुला एवढं वाटतं म्हणून? रोज वाचते. काही काही ठिकाणी दोनदा वाचते."

ती थांबली. माझ्याकडं बघत राहिली.

तोंड उघडून ते सगळं तेव्हाच बोलायचं होतं. ती समोर बसली होती, कान होते, ऊन होतं, वेळ होता. मी काय लिहिणार आहे ते तिला पाठ होतं, मला मात्र त्यातला एक शब्दही सुचेना. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी तिच्या नजरेतून सुटायला उठले.

"चहा टाकू का?" मी म्हणाले.

"टाक," ताई म्हणाली, आणि रिमोट उचलला.